मुलगा सेटल आहे, पण व्हर्जन कुठलं?

सिड आठवतोय? 'टॉय स्टोरी'तला, १९९५ सालचा. अँडीच्या शेजारच्या घरात राहणारं, दातांना तारा लावलेलं ते खुनशी कार्टं. एका खेळण्याचं मुंडकं उपटायचं, दुसऱ्याच्या धडाला चिकटवायचं, हा त्याचा आवडता टाइमपास. डेबियन नावाची एक लिनक्स सिस्टिम आहे. तिच्या ज्या आवृत्तीत रोज नवीन काहीतरी येऊन पडतं आणि रोज काहीतरी मोडतं, तिला गेली कित्येक वर्षं याच पोराचं नाव आहे. सिड. अधिकृत लेबल : 'अनस्टेबल'.

हे नाव कुणा कवीला सुचलेलं नाही. डेबियन सुरू केली इयान मर्डॉकने, १९९३ मध्ये. नावात त्याने तेव्हाच्या गर्लफ्रेंडलाही घेतलं. डेब्रा अधिक इयान, झालं डेबियन. (आजकाल पोरं बाइकच्या मागे नाव लिहितात, याने ऑपरेटिंग सिस्टिमलाच दिलं!) त्याच्यानंतर सूत्रं आली ब्रूस पेरेन्सकडे. हे साहेब तेव्हा 'टॉय स्टोरी' बनवणाऱ्या पिक्सारमध्ये नोकरीला होते. त्यामुळे आवृत्त्यांची नावं खेळण्यांवरून पडत गेली : बझ, रेक्स, पोटॅटो, वुडी, लेनी... सध्याची आहे ट्रिक्सी, ऑगस्ट २०२५ ची. खेळणी दर आवृत्तीला बदलतात. सिड मात्र तोच. तो कधी सेटल होत नाही.

सेटल हा शब्द मुद्दाम वापरला. पंचविशी उलटली की आपल्या घरांमध्ये हाच शब्द दिवसातून चारदा कानावर पडतो. 'मुलगा सेटल आहे का गं?' यात मुलगा चांगला आहे का, हुशार आहे का, रात्री भांडी घासेल का, असं काहीच विचारलेलं नसतं. पुढची पाच-दहा वर्षं तो अचानक काही वेगळंच करणार नाही ना, एवढंच विचारलेलं असतं. गंमत म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांच्या 'स्टेबल'चा अर्थ तंतोतंत हाच आहे. बिनचूक असा नाही, तर बदलणार नाही असा. यात कुठे काय खटकतं हे माहीत आहे, आणि ते उद्या सकाळीही तिथेच खटकेल.

हे मला समजावलं माझ्या रूममेटने. ती महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये सिस्टिम ॲडमिन आहे. नाइट शिफ्ट. मी सकाळी चहा करते तेव्हा ती घरी येते, त्यामुळे आमच्या सगळ्या गहन चर्चा सात ते साडेसात या वेळात होतात. तिच्याकडचे सर्व्हर बघितले (म्हणजे स्क्रीनवर, आत जायला माझ्यासारखीला कोण सोडतंय) तर सगळं जुनं जुनं. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या कंपन्यांचा डेटा, आणि सॉफ्टवेअर दोन वर्षांपूर्वीचं? तर म्हणाली, ''जुनं नाही बाई, मुरलेलं.''

लोणचं आहे का हे? पण ऐका, आहेच.

आधी पॅकेज मॅनेजर म्हणजे काय, ते पटकन. तुमच्या फोनमधल्या ॲप स्टोअरचा हा आजोबा. त्याला सांगायचं अमुक सॉफ्टवेअर दे, की तो ते आणतो आणि त्याला लागणारं बाकी सामानही आणतो. मिसळ मागवली की पाव, फरसाण, कांदा-लिंबू न सांगता आलं पाहिजे, तसं. आणि इथेच 'ब्रोकन' हा भयंकर वाटणारा शब्द येतो. तुम्ही कधी उबुंटू वापरलं असेल तर ब्रोकन पॅकेजेसची ती सुप्रसिद्ध लाल-पांढरी ओरड बघितली असेल. आपल्याला वाटतं, संपलं, लॅपटॉप गेला. तर तसं काही नसतं. मिसळ आली, पाव आलाच नाही, एवढंच झालेलं असतं. किंवा दोन पदार्थांना दोन वेगवेगळे पाव हवेत आणि ताटात जागा एकाचीच आहे. मिसळीत खोट नसते, पण ती खाता येत नाही. मॅनेजर हट्टाने सांगतो, पावाचं बघा, मग पुढे जाऊ. निक्स नावाचा एक पॅकेज मॅनेजर तर याहून स्पष्टवक्ता आहे. त्याच्या यादीत एखाद्या पॅकेजवर चक्क 'ब्रोकन' असा शिक्का मारून ठेवलेला असतो आणि तुम्ही मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय तो ते हातात देतच नाही. असे दुकानदार आपल्याकडे किती मिळतील?

आता मुरण्याचं. डेबियनमध्ये कुठलीही नवीन गोष्ट आधी सिडमध्ये येते. तिथे ती ठरावीक दिवस पडून राहते : तातडीची असेल तर दोन दिवस, एरवी पाच, निवांत असेल तर दहा. या दिवसांत जगभरातली हौशी मंडळी ती वापरतात, आपटतात, तक्रारी नोंदवतात. गंभीर तक्रार आली नाही आणि मिसळ-पाव नीट जुळले, तर ती पुढच्या खोलीत जाते. त्या खोलीचं नाव 'टेस्टिंग'. कोणाला आत सोडायचं हे ठरवणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव आहे ब्रिटनी. खरंच! टेस्टिंग असं भरत जातं, मग एक दिवस दरवाजे बंद. याला म्हणतात फ्रीझ. आता नवीन काही नको, फक्त दुरुस्त्या. आणि दोनेक वर्षांतून एकदा ती अख्खी खोलीच स्टेबल म्हणून जाहीर होते. ट्रिक्सीमध्ये अशी सुमारे ७० हजार पॅकेजेस आहेत.

पूर्वी याला किती वेळ लागायचा? वुडी आली जुलै २००२ मध्ये आणि तिच्यानंतरची सार्ज जून २००५ मध्ये. जवळजवळ तीन वर्षं! तेव्हा लोक कंटाळून दुसरीकडे निघून गेले म्हणे. पण बेलापूर ते पेंधर मेट्रोचं काम २०११ मध्ये सुरू झालेलं आणि प्रवासी आत बसले ते १७ नोव्हेंबर २०२३ ला. त्यामुळे आपण नवी मुंबईकरांनी तरी डेबियनला नावं ठेवू नयेत. आणि आपल्या विमानतळावर इंडिगोचं पहिलं चाचणी विमान उतरलं २९ डिसेंबर २०२४ ला, तर तिकीट काढलेली माणसं उडाली २५ डिसेंबर २०२५ ला. मधलं वर्षभर धावपट्टी 'टेस्टिंग'मध्येच होती की. तेव्हा कुणी म्हटलं नाही, सोडा हो, बसवा लोकांना. (म्हटलं असेल. व्हॉट्सॲपवर लोक काहीही म्हणतात.)

आता मूळ गोष्टीकडे येते, कारण यातलं सगळं गमतीचं नाहीये.

२९ मार्च २०२४. गुड फ्रायडे. लाँग वीकेंड, निम्मी नवी मुंबई अलिबागला. अँड्रेस फ्रॉइंड नावाचा मायक्रोसॉफ्टमधला एक इंजिनीअर त्या सुमारास वेगळ्याच कामात होता. पोस्टग्रेस या डेटाबेसचा वेग मोजत होता, आणि त्याचं मशीन होतं डेबियन सिड. त्याला दिसलं की दूरच्या मशीनमध्ये लॉगिन व्हायला, ज्याला एसएसएच म्हणतात त्याला, उगाच जास्त वेळ लागतोय. किती जास्त? साधारण ०.३ सेकंदांच्या जागी ०.८. अर्धा सेकंद! आपण वाशी स्टेशनच्या इंडिकेटरवर चार मिनिटं वीस मिनिटं होताना बघतो आणि मुकाट्याने वडापाव खातो. या माणसाने अर्ध्या सेकंदाचा पाठलाग केला. आणि पोचला एक्सझेड नावाच्या एका साध्या, फायली दाबून लहान करणाऱ्या पॅकेजपाशी. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. ज्याच्याकडे किल्ली, तो जगातल्या अशा कुठल्याही सर्व्हरमध्ये घुसू शकला असता.

तो कुणीतरी म्हणजे 'जिया टॅन' या नावाने वावरणारी व्यक्ती. किंवा टोळी. आजवर कळलेलं नाही. २०२१ पासून ही व्यक्ती त्या प्रोजेक्टमध्ये गोडीगुलाबीने मदत करत होती. मूळ कर्ता लासे कोलिन, एकटा, बिनपगारी. त्याला २०२२ मध्ये काही अनोळखी खात्यांवरून टोमणे सुरू झाले, काम किती हळू चाललंय, दुसऱ्या कुणाला तरी द्या ना. त्याने लिहिलं होतं की माझी मानसिक प्रकृती बरी नाही, आणि हे मी फावल्या वेळात करतो. शेवटी मदतीला धावून आलेल्या त्या सज्जन माणसाच्या हातात किल्ल्या गेल्या. कुठल्याही सासू-सुनेच्या सीरियलमध्ये एवढा संयमी खलनायक नाही बघितला मी.

मुद्दा लेबलांचा. तो चोरदरवाजा सिडमध्ये शिरला होता. ब्रिटनीला काहीच संशय आला नाही, त्यामुळे टेस्टिंगमध्येही शिरला होता. फेडोरा ४० च्या बीटापर्यंत गेला, आणखी काही घाईवाल्या लिनक्समध्ये गेला. उबुंटूला आपल्या २४.०४ चा बीटा आठवडाभर पुढे ढकलावा लागला. पण डेबियन स्टेबल? तिथे एक्सझेडची आवृत्ती होती ५.४.१. तिथे तो पोचायचा होता. अजून वर्ष-सव्वा वर्ष सापडला नसता, तर पोचलाच असता.

माझी रूममेट त्या शनिवारी सकाळी सातऐवजी साडेदहाला घरी आली. रात्रभर तिच्या टीमने एकेका सर्व्हरवर जाऊन एकच नंबर बघितला होता. ५.४.१. ५.४.१. ५.४.१. जुनं नाही बाई, मुरलेलं. मी काही बोलले नाही. पोहे दिले.

आता इथवर वाचून तुम्ही म्हणाल, मग सगळ्यांनी स्टेबलच घ्यावं, विषय संपला. थांबा. मला हे असं एका बाजूने सांगितलेलं आवडत नाही, आणि इतिहासही तसा नाही. २००६ मध्ये डेबियनच्याच एका माणसाने ओपनएसएसएल या कुलूप-किल्ल्या बनवणाऱ्या पॅकेजमधल्या काही ओळी बंद केल्या. हेतू चांगला होता. चुका शोधणारं व्हॅलग्राइंड नावाचं एक टूल त्या ओळींवर कुरकुर करत होतं. पण किल्ल्या अंदाज लावता येणार नाहीत इतक्या वेगवेगळ्या बनायच्या त्या नेमक्या त्याच ओळींमुळे. त्या गेल्यावर एका प्रकारच्या किल्लीच्या उरल्या फक्त बत्तीस हजारांच्या आसपास शक्यता. तुमच्या बॅगेच्या पाच आकडी नंबर-लॉकला एक लाख असतात! हे सगळं एप्रिल २००७ मध्ये एच नावाच्या आवृत्तीत 'स्टेबल' लेबल लावून लोकांच्या घरी गेलं आणि मे २००८ मध्ये सापडलं. वर्षभर लोक स्टेबल, स्टेबल म्हणत उघड्या दारात झोपले होते.

आणि एक योगायोग सांगते, कारण तो मला फार आवडतो. २०२४ मध्ये फ्रॉइंडला जे धागेदोरे मिळाले, त्यातला एक होता याच व्हॅलग्राइंडची कुरकुर. एकाने ती कटकट म्हणून बंद केली, दुसऱ्याने ती ऐकून घेतली.

त्यामुळे लेबलावर काय लिहिलंय यापेक्षा ते कुणी चिकटवलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटायला लागलंय. एपीएमसीत आंब्याच्या सीझनला गेलात तर कळेल. पेटीवर 'देवगड हापूस' छापायला काय लागतं? छापखाना. कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये जीआय टॅग मिळाला, तरी कर्नाटकच्या आंब्याची पेटी हापूस म्हणून गळ्यात मारणारे आहेतच. सॉफ्टवेअरमध्ये पायथनवाल्यांच्या दुकानात लेखक स्वतःच ठरवतो, आपलं पॅकेज 'प्रॉडक्शन/स्टेबल' की 'बीटा'. म्हणजे लग्नाचा बायोडाटा. मनमिळाऊ, निर्व्यसनी, वेल सेटल्ड. लिहिणारा कोण, तर मुलगा स्वतः. डेबियनचं तसं नाही. तिथे स्थळाची चौकशी होते. तुमची मावशी त्यांच्या बिल्डिंगमधल्या कुणाला तरी ओळखत असतेच, तसं. वेळ लागतो, पण कळतं.

जावास्क्रिप्टवाल्यांचं एनपीएम तर आणखी पुढे. तिथे तुम्ही काही न सांगता मागितलंत तर मिळतं ते 'लेटेस्ट' लेबलवालं. लेखकाने दुपारी टाकलं, तुमच्या मशीनमध्ये दुपारीच. ८ सप्टेंबर २०२५ ला एका लेखकाला खोट्या ईमेलने फसवून त्याचं खातं पळवलं गेलं आणि चॉक, डीबग अशा १८ पॅकेजेसमध्ये विषारी कोड घुसवला गेला. ही पॅकेजेस आठवड्याला दोन अब्जांहून जास्त वेळा डाउनलोड होतात. विषारी माल दोनेक तासांत उतरवला गेला, पण लेबल तेवढा वेळ 'लेटेस्ट'च सांगत होतं. त्याच महिन्यात पीएनपीएम या एनपीएमच्या भावंडाने नवीन सोय दिली : पॅकेज प्रसिद्ध होऊन अमुक इतका वेळ गेल्याशिवाय घेऊच नका, असं सांगून ठेवता येतं. थोडक्यात, सिडमधले ते पाच दिवस. आजीचं ऐकायला नातवंडांना २५ वर्षं लागली.

आणि कधी कधी तर तुम्ही लेबल नीट वाचलेलं असतं, तरीही फसवणूक. १९ जुलै २०२४, शुक्रवार, सकाळी ९ वाजून ३९ मिनिटं. ऐरोली-महापेच्या ऑफिसांमध्ये नुकतेच लॅपटॉप उघडत होते. क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीने एक सदोष अपडेट सोडलं आणि जगभरात ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहिले गेले. शहाण्या कंपन्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, आम्हाला ताजी आवृत्ती नको, एक किंवा दोन मागची द्या. मिळतही होती. पण ती सोय होती मुख्य सॉफ्टवेअरसाठी. हे रोजच्या माहितीचं छोटं अपडेट त्या नियमात बसतच नव्हतं, ते सगळ्यांना एकदम गेलं. म्हणजे तुम्ही मागितलं मुरलेलं लोणचं आणि वाढप्याने वरून कच्ची कैरी टाकली. मला राग येतो तो याचा. नवीन वापरा, जुनं वापरा, ज्याची त्याची हौस. पण ग्राहकाला वाटतंय मी सावध आहे आणि आतून काहीतरी वेगळ्याच पाइपने येतंय, हे मात्र लबाडीच्या फार जवळ जातं.

स्टेबलची एक किंमत आपल्यालाही मोजावी लागते. आपल्याला म्हणजे मराठीत टाइप करणाऱ्यांना. खारघर स्टेशनसमोर सी-डॅकचं कॅम्पस आहे, रोज ट्रेनमधून बघतो आपण. सी-डॅकचं मुंबई केंद्र म्हणजे पूर्वीचं एनसीएसटी, आणि लिनक्सवर भारतीय भाषा नीट उमटाव्यात म्हणून 'इंडिक्स'चं सुरुवातीचं काम यांनीच केलेलं. सी-डॅकच्याच चेन्नई केंद्राने पुढे 'बॉस' नावाची भारतीय लिनक्स काढली, डेबियनवर बेतलेली. आणि खुद्द डेबियन मराठीतून इन्स्टॉल करता येऊ लागली ती लेनी आवृत्तीपासून. तारीख १४ फेब्रुवारी २००९. व्हॅलेंटाइन्स डेला! त्या दिवशी मी शाळेत होते आणि माझं लक्ष अर्थातच इतरत्र होतं.

पण हे भाषांतर एकदा करून संपत नाही. दर आवृत्तीला नवीन वाक्यं येतात, ती फ्रीझच्या आत कुणीतरी मराठीत करून द्यावी लागतात. फार मागे पडलेली भाषा यादीतून गळू शकते. आणि 'दुसऱ्या'मधला तो अर्धा र, रफार नव्हे, तो आडवा पापणीसारखा, तो एखाद्या फाँटमध्ये चुकला आणि तसाच स्टेबलमध्ये गेला, तर? तो काही सुरक्षेचा प्रश्न नाही. सर्व्हर पडत नाही. स्टेबलमध्ये शक्यतो गंभीर दुरुस्त्याच घेतात, त्यामुळे तो र बहुधा पुढच्या खेळण्यापर्यंत तसाच तुटका राहणार. दोन वर्षं.

रूममेटला विचारलं, यावर उपाय काय? म्हणाली, फ्रीझच्या आधी टेस्टिंग लावायचं, मराठीत चार पानं टाइप करून बघायची आणि चुकलं की तक्रार नोंदवायची. ट्रिक्सीनंतरच्या आवृत्तीचं नाव ठरलंय फॉर्की, आत्ता ती टेस्टिंगमध्ये आहे. आमच्या घरी एक जुना लॅपटॉप पडून होता, त्यावर तिने गेल्या रविवारी मेगाब्लॉक होता म्हणून ती टाकून दिली. हा कॉलम त्याच्यावरच लिहिलाय. अर्धा र आत्तापर्यंत अकरा वेळा आला. दोनदा बिघडला होता. तक्रार लिहायला घेतलीये.